सोरायाची माफी कोण मागणार?

जे. एम. कोएत्झी यांची 'डिसग्रेस' ही कादंबरी १९९९ साली प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी तिला बुकर पारितोषिक मिळाले आणि २००३ साली लेखकाला नोबेल. तिच्यावर जगभर इतके लिहून झाले आहे की आता आणखी एका लेखाची गरज काय, असे कुणी विचारील. गरज आहे, कारण या कादंबरीत किमान दोन मुसलमान स्त्रिया आहेत आणि समीक्षकांनी त्यांना दारातच उभे ठेवले आहे. एकीचे नाव सोराया, दुसरीचे फरोदिया रसूल. माफी म्हणजे काय, ती कुणी कुणाची मागायची, हा या कादंबरीचा गाभा आहे. तो गाभा या दोघींच्या बाजूने पाहिला की कादंबरी वेगळी दिसू लागते.

कथानक थोडक्यात असे. डेव्हिड लुरी हा केपटाऊनच्या एका तंत्रविद्यापीठातला बावन्न वर्षांचा गोरा प्राध्यापक. दोनदा घटस्फोट झालेला. मेलनी आयझॅक्स या आपल्या विद्यार्थिनीशी तो संबंध ठेवतो. त्यातल्या एका प्रसंगाला बलात्कार म्हणायचे की नाही याचा निवाडा तो स्वतःच, स्वतःच्या बाजूने करून टाकतो. तक्रार होते, चौकशी समिती बसते. लुरी म्हणतो, मी दोषी आहे, आरोप वाचायचीही गरज नाही, शिक्षा द्या. समितीला एवढ्याने पुरत नाही. तिला पश्चात्तापाचे जाहीर निवेदन हवे आहे. लुरी ते देत नाही आणि नोकरी घालवून बसतो.

हा प्रसंग वाचताना वाचक नकळत लुरीच्या बाजूला झुकतो. तो हजरजबाबी आहे, समिती बोजड आहे. पश्चात्ताप हा धर्माच्या दुनियेतला शब्द आहे, कायद्याच्या समितीला तो मागण्याचा अधिकार नाही, असा त्याचा मुद्दा आहे आणि तो वरवर पाहता बिनतोडही आहे. समितीचा अध्यक्ष पुढे फोनवर त्याला सांगतो की निवेदन मनापासून आहे की नाही हे आम्ही पाहणार नाही, जाहीर कबुली तेवढी दे. म्हणजे दिखावा चालेल! इथे हसू येते आणि कोएत्झींना ते आणायचेच आहे.

पण फरोदिया रसूल काय म्हणते ते नीट ऐकावे. तिचे म्हणणे असे की हा माणूस दोष मान्य करतो, पण कसला दोष ते सांगत नाही. त्याच्यामुळे कुणाला काय सोसावे लागले याचा त्याच्या तोंडून उल्लेखही येत नाही, आणि ज्या जुन्या शोषणाच्या परंपरेत हे कृत्य बसते तिचाही नाही. बहुतेक समीक्षक फरोदियाला हटवादी ठरवून पुढे जातात. मला मात्र साऱ्या समितीत तिचाच प्रश्न खरा वाटतो. 'मी दोषी आहे' या वाक्यात फक्त 'मी' आहे. जिच्यावर अन्याय झाला ती त्यात कुठेच नाही.

ही समिती कोएत्झींनी हवेतून आणलेली नाही. वर्णद्वेषी राजवट संपल्यावर दक्षिण आफ्रिकेने १९९५ साली कायदा करून सत्य व समेट आयोग नेमला. आर्चबिशप डेस्मंड टुटू त्याचे अध्यक्ष होते. एप्रिल १९९६ मध्ये ईस्ट लंडन शहरात सुनावण्या सुरू झाल्या आणि सुमारे एकवीस हजार पीडितांनी आपले म्हणणे नोंदवले. या आयोगाचे सर्वात अस्वस्थ करणारे चित्रण आंकी क्रोग यांच्या 'कंट्री ऑफ माय स्कल' (१९९८) या पुस्तकात आहे. क्रोग या आफ्रिकान्स भाषेतल्या कवयित्री. सुनावण्यांचे वार्तांकन त्यांनी रेडिओसाठी केले. ज्या लोकांनी छळ केला त्यांची भाषा तीच माझी मातृभाषा, ही बोच त्यांच्या पुस्तकात पानोपानी आहे. (वस्तुस्थिती आणि कल्पित यांची त्यांनी केलेली सरमिसळ मला पटत नाही. इतरांच्या वेदनेच्या शेजारी स्वतःचे कल्पित प्रेमप्रकरण कशासाठी?)

माफीसंबंधी या आयोगाची एक गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाच्या लक्षात आलेली नाही. गुन्हेगाराला अभय मिळण्यासाठी कायद्याच्या दोनच मुख्य अटी होत्या: कृत्यामागे राजकीय हेतू असावा आणि सर्व सत्य सांगितलेले असावे. पश्चात्ताप ही अट नव्हतीच. सात हजारांवर अर्ज आले, अभय मिळाले साडेआठशेच्या आसपास लोकांना. त्यांतले काही रडले. काहींनी हिशेब द्यावा तसे सांगितले. केपटाऊनचा पोलीस अधिकारी जेफ्री बेन्झिन याने ओल्या पिशवीने माणसाला गुदमरवण्याची आपली पद्धत १९९७ साली आयोगासमोर जमिनीवर प्रात्यक्षिक करून दाखवली. ती दाखवायला लावणारे टोनी येंगेनी हे स्वतः त्या पिशवीतून गेलेले. आणि मग बेन्झिनने भर सभेत येंगेनींनाच विचारले की अर्ध्या तासात तुम्ही आपल्या सहकारी बाईचे नाव सांगितलेत, हे आठवते का? सत्य सांगण्याची अट त्याने पाळली होती. त्याच सत्याने त्याने समोरच्या माणसाला पुन्हा एकदा मारले. क्रोग यांच्या पुस्तकातला हा भाग वाचून होईपर्यंत पुस्तक दोनदा खाली ठेवावे लागते.

आपल्या परंपरेत तौबेचा विचार फार बारकाईने झाला आहे. केलेले पाप थांबवणे, त्याची लाज वाटणे, ते पुन्हा न करण्याचा निश्चय करणे, या तीन अटी मदरशातल्या मुलालाही पाठ असतात. अल्लाहच्या हक्काबाबत या तिन्ही पुरतात. पण पाप माणसाच्या हक्काविरुद्ध असेल, म्हणजे हुकूकुल इबादचा प्रश्न असेल, तर चौथी अट येते: ज्याचे घेतले त्याचे त्याला परत करणे, किंवा त्याच्याकडून माफ करून घेणे. इथे मधला दलाल नाही. सरकार, आयोग, मौलवी यांपैकी कुणीही दुसऱ्याच्या वतीने माफ करू शकत नाही. स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबाचे म्हणणे याहून वेगळे नव्हते. अभयाच्या कायद्याने आमचा न्याय मागण्याचा हक्क आम्हाला न विचारता काढून घेतला, म्हणून ते इतरांबरोबर १९९६ साली घटना न्यायालयात गेले. ते हरले. बिकोंच्या मारेकऱ्यांना पुढे १९९९ साली अभय नाकारले गेले हा भाग निराळा.

हजला निघालेला माणूस घरोघर जाऊन 'कहा सुना माफ करना' म्हणतो, ही आपल्याकडची सुंदर रीत. पण याच समाजात दुसरीही एक रीत आहे, तिच्याबद्दल आपण कमी लिहितो. जनाजा उठण्यापूर्वी विधवेला पुढे आणून, चार नातेवाईक जमलेले असताना, तिच्याकडून मेहर माफ करवून घ्यायचा. मेहर हे नवऱ्यावरचे कर्ज. वारसांच्या वाटण्या होण्याआधी ते मयताच्या मालमत्तेतून फेडले पाहिजे, याबद्दल शरियतमध्ये दुमत नाही. पण आयुष्यभरात न दिलेले हे देणे, मयत समोर ठेवून, रडणाऱ्या बाईकडून दोन शब्दांत मिटवले जाते. ती नाही म्हणू शकेल का? म्हणाली तर मोहल्ला तिला काय म्हणेल? जिला नाही म्हणण्याची सोय नाही, तिच्या तोंडून आलेल्या 'माफ किया'ला माफी म्हणता येत नाही. टुटूंच्या आयोगासमोर बसलेल्या कितीतरी आयांवर असेच ओझे होते. उदार व्हा, देश जोडायचा आहे! ज्यांनी माफ केले त्यांचे फोटो जगभर गेले, ज्यांनी केले नाही त्या कडवट ठरल्या. नुकसानभरपाई म्हणून सरकारने २००३ साली एकदाच तीस हजार रँड देण्याचे ठरवले. आयोगाने सुचवलेल्या रकमेपेक्षा हे कितीतरी कमी होते.

आता पुन्हा लुरीकडे. समितीपुढे न वाकलेला हा माणूस कादंबरीच्या उत्तरार्धात मेलनीच्या वडिलांच्या घरी जातो. जेवण होते, वडिलांची माफी मागून होते. वडील श्रद्धाळू आहेत. नुसते वाईट वाटण्यापलीकडे देव तुमच्याकडून काय मागतो, असे ते त्याला विचारतात. मग तो आतल्या खोलीत जातो, मेलनीची आई आणि धाकटी बहीण यांच्यासमोर गुडघ्यांवर बसतो आणि कपाळ जमिनीला टेकवतो. हे चित्र आपल्या वाचकाला दचकवते. सजदा माणसाला करायचा नसतो. पण दचकण्याचे खरे कारण पुढच्या ओळींत आहे. तो मान वर करतो, दोघींच्या नजरेला नजर देतो, आणि वासनेचा तोच प्रवाह त्याच्यातून पुन्हा वाहून जातो. ती बहीण शाळकरी मुलगी आहे. कपाळ जमिनीला टेकले, पण तौबेची पहिलीच अट पुरी झाली नाही. शिवाय जिची माफी मागायची ती मेलनी त्या घरात नाहीच. कोएत्झींनी हे सारे दोन-चार वाक्यांत, एकही शेरा न मारता लिहिले आहे. इतकी निर्दय प्रामाणिक माफी मी दुसऱ्या कादंबरीत वाचलेली नाही.

सोराया कादंबरीच्या पहिल्याच पानावर आहे. लुरी दर गुरुवारी दुपारी पैसे देऊन तिच्याकडे जातो. नाव धंद्यापुरते. उरलेला वेळ ती रायलँड्स किंवा अॅथलोनसारख्या वस्तीत अब्रूने राहत असेल, मुसलमान बाईच्या बाबतीत हे जरा नवल, असे तो मनाशी म्हणतो. रायलँड्स ही वर्णद्वेषी राजवटीने हिंदी लोकांसाठी आखून दिलेली केपटाऊनमधली वस्ती. रत्नागिरी-रायगडकडून गेलेल्या कोकणी मुसलमानांची घरे तिथे आहेत. सोराया कुठल्या घरची, हे कादंबरी सांगत नाही. एकदा ती त्याला रस्त्यात आपल्या दोन मुलांसह दिसते, आणि काही दिवसांत त्याच्याकडे येणे बंद करते. तो पैसे देऊन तिच्या घरचा फोन शोधून काढतो. ती संतापून सांगते की पुन्हा इथे फोन करू नका. हा संज्ञापनाचा प्राध्यापक तेव्हा काय करतो? तिने वापरलेला शब्द चुकला, याहून दुसरा हवा होता, असे मनात म्हणतो.

त्यानंतर सोराया कादंबरीतून जाते. लुरी मेलनीच्या वडिलांकडे जातो, मेलेल्या कुत्र्यांच्या देहांना सन्मानाने निरोप देतो, पण सोरायाच्या घरात शिरल्याबद्दल त्याला कधी खंत वाटत नाही. हा आंधळेपणा लुरीचा की लेखकाचा? सारी कथा लुरीच्या नजरेतून येत असल्याने लेखकाला सुटायला वाट आहे. बराच काळ मीही ती वाट त्याला देत आलो. पण लुरीची मुलगी ल्यूसी हिच्यावर शेतावर तीन काळे तरुण अत्याचार करतात, आणि इथे राहायचे तर ही कदाचित त्याची किंमत असेल असे म्हणून ती गप्प राहते, तेव्हा माझी शंका वाढते. पूर्वजांच्या पापाचा कफ्फारा एका बाईच्या देहातून वसूल होतो आणि तिने तो मान्यही करावा, अशी ही रचना आहे. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसने २००० साली मानवी हक्क आयोगापुढे या कादंबरीचा दाखला गोऱ्यांच्या मनातल्या काळ्या माणसाचे चित्र म्हणून दिला होता. तो आक्षेप ढोबळ होता. बायकांच्या बाजूचा आक्षेप त्याहून धारदार होऊ शकला असता.

या सगळ्याचा आपल्याशी संबंध आहे. श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल फेब्रुवारी १९९८ मध्ये सादर झाला. १९९२-९३ च्या मुंबई दंगलीत नऊशे माणसे मेली, त्यांपैकी ५७५ मुसलमान, असे त्यात नोंदले आहे. तेव्हाच्या राज्य सरकारने अहवाल नाकारला. १९८४ च्या शिखांच्या हत्याकांडाबद्दल पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी ऑगस्ट २००५ मध्ये राज्यसभेत माफी मागितली. मुंबईबद्दल तसे शब्द आपल्याला ऐकायला मिळाले नाहीत. बेपत्ता झालेल्यांच्या वारसांना भरपाई द्या, हे सर्वोच्च न्यायालयाला नोव्हेंबर २०२२ मध्ये, तीस वर्षांनी सांगावे लागले. उद्या कुणी माफी मागितलीच, तर आपण तिला कोणती अट घालणार? मुस्लिम मराठी साहित्यात दंगलीच्या कथा-कविता पुष्कळ आहेत. अपराध्याने समोर येऊन बसल्यावर काय बोलावे, याची कथा मात्र मला अजून भेटलेली नाही.

केपटाऊनचे इमाम अब्दुल्ला हारून हे १२३ दिवसांच्या कोठडीनंतर २७ सप्टेंबर १९६९ रोजी मरण पावले. जिन्यावरून पडले, असे पोलिसांनी सांगितले आणि पहिल्या चौकशीने ते मानले. त्यांच्या जनाजाला हजारो माणसे लोटली होती. २०२२ मध्ये चौकशी पुन्हा उघडली, आणि ९ ऑक्टोबर २०२३ रोजी न्यायालयाने सांगितले की मृत्यू पोलिसांच्या छळामुळे झाला. छळ करणारे प्रमुख अधिकारी तोवर मेले होते. इमामसाहेबांच्या पत्नी गालिमा २०१९ मध्ये गेल्या. पन्नास वर्षांत त्यांच्याकडे कुणी माफी मागायला आले नाही, आणि आता आले तरी ती द्यायला त्या नाहीत.