केडगावची मुक्ती : आधी कोणती खोली?

औसा-लातूरची माणसे रात्रीच्या गाडीने पुण्याकडे निघतात, तेव्हा दौंडनंतरचे केडगाव बहुधा झोपेतच मागे पडते. तिथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन तिथेच झाले, आणि त्यांच्या वस्तू त्या आवारात जपल्या आहेत. मिशनरी काळाच्या वास्तू म्हटले की गोऱ्या पाद्र्यांचे बंगले आठवतात. ही मात्र एका संस्कृत पंडितेची जागा.

स्मृतिघराला एक खोड असते : ते एकाच माणसाचे होऊन बसते. बायबलची मुद्रिते तपासून संपावीत म्हणून रमाबाईंनी देवाकडे आणखी दहा दिवस मागितले आणि ते मिळाले, असे सांगतात. भाविकांना एवढी कथा पुरते. अभ्यासकाला पुरू नये.

१८९६-९७च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून सुमारे ३०० मुली-बायका आणल्या. १९००च्या सुमारास गुजरातेतून आणखी आल्या. मुक्तीतल्या अशाच मुली पुढे छापखान्यात खिळे जुळवू लागल्या, पाने छापू आणि बांधू लागल्या. रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून केलेले संपूर्ण मराठी बायबल १९२४ साली बाहेर पडले, ते या हातांतून. १९७२ साली खडी फोडणाऱ्या बाया पाहिलेल्या मराठवाड्याला या कामाचे मोल वेगळे सांगायला नको.

भाषेकडेही पाहावे. १८८२च्या ‘स्त्री धर्मनीती’त रमाबाईंचे मराठी संस्कृतप्रचुर, जड आहे. बायबलमध्ये त्यांनी मुद्दाम साधे मराठी धरले. याचे कारण १८८३च्या धर्मांतरात शोधतात. मला ते अपुरे वाटते. ज्यांना नुकतीच अक्षरओळख झाली अशा शेकडो बायका रोज समोर होत्या. लेखिकेला तिच्या वाचकांनी बदलले, असे मी म्हणेन.

एक अवघड गोष्ट उरतेच. आश्रय आणि धर्म एकाच दारातून मिळत असताना उपाशी मुलीला निवड कितीशी होती? शारदा सदनाच्या काळात, १८९३च्या आसपास, धर्मांतरावरून ‘केसरी’ने रान उठवले होते. त्या टीकेत आकस भरपूर होता, पण प्रश्न खोटा नव्हता. जपलेल्या घराने तो झाकू नये, भिंतीवर मांडावा.

म्हणून मुक्तीत पाहणाऱ्याला आधी छापखान्यात न्यावे. तिथे खिळ्यांच्या केस असाव्यात, मुद्रिते असावीत, आणि शेजारी दुष्काळात आलेल्या मुलींची नावे, जमेल तिथे गावासकट. रमाबाईंची खोली त्यानंतर दाखवावी.