साहित्य : घरात असेल ते



पाककृतीचं कुठलंही पुस्तक उघडा. पदार्थाच्या नावाखाली पहिला शब्द असतो 'साहित्य'. त्याखाली यादी. यादी संपली की दुसरा शब्द, 'कृती'. आधी साहित्य, मग कृती. हा क्रम छापखान्यानं इतका पक्का केलाय की तो उलटा असू शकतो हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

आमच्या घरात तो उलटाच होता. सात माणसं जेवायची आहेत, हे आधी ठरलेलं. म्हंजे कृती ठरलेली. साहित्य काय, ते डबे खडखडवून बघायचं. गाडग्यात काय, शिंक्यावर काय, शेजारणीकडं काय, बांधावर काय उगवलंय. हे सगळं धरून मगच चूल पेटायची. स्वयंपाक म्हंजे घरात असेल ते, आणि खाणारी असतील तेवढी. या दोन गोष्टींचा मेळ घालायचा धंदा.

या धंद्याबद्दल लिहायचं म्हणतोय. समीक्षा म्हणा. समीक्षा फक्त कवितेची होते असं कुणी सांगितलं?

रद्दीच्या दुकानात मला 'रुचिरा' मिळालं. कमलाबाई ओगल्यांचं, पहिल्यांदा 1970 साली आलेलं. मी ते रागानं वाचायला घेतलं होतं. वाचून झाल्यावर राग थोडा कमी झाला, हे कबूल करतो. या बाईनं तराजू बाजूला ठेवला आणि माप वाटी-चमच्यात सांगितलं. ज्या घरात वजनकाटा नाही त्या घरातल्या पोरीलाही कळावं, असं लिहिलं. ही लहान गोष्ट नव्हे. पोथीतलं ज्ञान वाटीत आणलं म्हणा. लाखो घरांत ते पुस्तक गेलं ते उगाच नाही.

पण मग माझा प्रश्न सुरू होतो. वाटी कुणाची? अन् वाटी बुडवायची तो डबा भरलेला आहे, हे कुणी गृहीत धरलं? एक वाटी हरभऱ्याची डाळ घ्या, असं पुस्तक सांगतं. घ्या म्हटलं की घेता येते, हा त्या सगळ्या लेखनाचा पाया आहे. त्या पायावर सगळी रुची उभी. हाच पाया प्रस्थापित साहित्याचाही आहे. शब्द घ्या, वृत्त घ्या, परंपरा घ्या, चवीपुरतं दुःख घ्या. ज्याच्या डब्यात हे नाही त्यानं लिहायचं कसं, ते कृतीत दिलेलं नसतं.

आणखी एक बघा. अशा याद्यांत पाणी बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं. कृतीत अचानक येतं, 'पाणी घालून मळावे'. कुठून आलं पाणी? त्यांच्या लेखी ते असतंच. आम्ही वळसंगचे. आमच्या गावात ती विहीर आहे जिच्यासाठी 1937 साली खुद्द बाबासाहेब आले. त्याच्या दहा वर्षं आधी, 20 मार्च 1927 ला, महाडच्या तळ्यावर ओंजळभर पाण्यासाठी माणसांनी डोकी फोडून घेतली. आमच्या साहित्याच्या यादीत पहिली ओळ पाण्याचीच लागते. पाणी न लिहिता स्वयंपाक लिहिणारा माणूस कुठल्या बाजूचा आहे, ते मला यादीवरूनच कळतं.

आता आमची कृती सांगतो. नीट सांगतो, कारण आपली माणसं भूक सांगतात आणि कृती सांगायची राहून जाते.

हुलग्याचे शेंगोळे घ्या. हुलगा म्हंजे कोरडवाहूचं, हलक्या रानातलं कडधान्य. त्याचं पीठ असतं. सोबत मूठभर ज्वारीचं पीठ. लसूण, मिरची, मीठ दगडावर रगडून पिठात घालायचं, घट्ट मळायचं, हातावर दोरीसारखं वळायचं. पातेल्याच्या बुडाला लागेल एवढंच तेल, त्यात लसूण, वर पाणी. पाण्याला खळाखळा उकळी आली की शेंगोळे सोडायचे. पिठाचा अंश पाण्यात उतरतो आणि रस्सा आपोआप दाट होतो. भाजी लागत नाही, डाळ लागत नाही. एकाच पिठातून खायचं आणि कालवण दोन्ही निघतं. पाहुणा वाढला तर पाणी वाढवायचं, चिमूटभर पीठ पाण्यात कालवून लावायचं, मीठ-तिखट पुन्हा जुळवायचं. शेंगाचं कूट असलं तर तेही. अजून दोन माणसं बसतात.

आंबाडीची भाजी शिजवली की आंबट होते आणि पातळ पडते. तिला ज्वारीच्या कण्या लावायच्या. दाट होते, पोटाला टिकते. पावसाळ्यात बांधावर तांदुळजा, घोळ, पाथरी. दुकानदाराला पैसा द्यावा लागत नाही, फक्त पान ओळखता आलं पाहिजे. कोरड्यास नसलं तर तव्यावर मिरच्या-लसूण भाजून ठेचा. शिळी भाकरी कुस्करून फोडणीला. आणि आमच्या सोलापूरकडची कडक भाकरी तर मुळात टिकण्यासाठीच. पापडासारखी वाळवून ठेवायची. चार दिवसांनी आमटीत चुरायची. आज ती पाकिटात भरून पुण्या-मुंबईच्या दुकानात जाते. जाऊ दे. पण ती चैनीतून निघालेली नाही, उद्याच्या भरवशाच्या अभावातून निघालेली आहे.

या सगळ्याला व्याकरण आहे. आय डबे बघते तेव्हा तिच्या मनात चार प्रश्न असतात. दाट कशानं होईल? आंबट-तिखट कशानं येईल? पोटात किती वेळ टिकेल? किती जणांना पुरेल? उत्तरं रोज वेगळी. प्रश्न तेच. मापंही आहेत. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. त्याखाली मूठ आणि चिमूट. मुठीचं माप माणसागणिक बदलतं म्हणून शहाणे हसतात. अरे, खाणाऱ्यांची संख्याही रोज बदलते, तिथं पक्क्या मापाचं काय करता?

आता आपल्या पुस्तकांकडं येतो.

शरणकुमार लिंबाळे आमच्या शेजारच्या अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे. 'अक्करमाशी' 1984 सालचं. त्यात त्यांची आजी, संतामाय, जनावरांच्या शेणातून पडलेले ज्वारीचे दाणे गोळा करते. धुते, वाळवते, दळते आणि त्या पिठाच्या भाकरी करते. त्या भाकरी ती स्वतः खाते, पोरांना दुसऱ्या देते. या प्रसंगावर पुष्कळ लिहिलं गेलंय. सगळे म्हणतात, केवढी भूक! बरोबर. पण भूक बघून डोळे मिटू नका, पुढं बघा. धुणं, वाळवणं, दळणं ही पद्धत आहे. कुठली भाकरी कुणाच्या वाट्याला, हा निर्णय आहे. संतामाय तिथं नुसती सोसत नाही, ती विचार करते. समीक्षकानं तिला फक्त दुःखाचं चित्र केलं, तिची अक्कल मोजली नाही.

बेबीताई कांबळ्यांच्या 'जिणं आमुचं'मधे (1986) बाळंतिणींची उपासमार आहे. ते वाचताना कळतं की 'असेल ते' या शब्दांत 'काहीच नाही' हेही येतं. म्हणून मी पुढं जे बोलणार आहे त्याला कुणी गरिबीचं कौतुक समजू नये. रिकाम्या डब्यातून स्वयंपाक होत नाही. अर्ध्या डब्यातून होतो, अन् त्याला अक्कल लागते, एवढंच मी म्हणतोय.

ही अक्कल कागदावर आणायचं काम उशिरा सुरू झालं. 2009 साली पुणे विद्यापीठातल्या सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे आणि विद्यार्थ्यांनी दलितांच्या खाण्याच्या आठवणी गोळा करून पुस्तिका काढली. 2015 साली शाहू पाटोळ्यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' आलं. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या खाण्याची नोंद. 2024 साली ते इंग्रजीतही गेलं. नावातच त्यांनी एक अक्षर घालून हजार वर्षांची पंगत उठवली. चान्या, म्हंजे मांसाच्या वाळवलेल्या पट्ट्या, हा शब्द छापील पानावर लाज न धरता बसलेला बघून मला काय वाटलं ते सांगता येत नाही. आमच्या घरात तो शब्द दार लावून बोलायचे.

तरी एक सांगतो. हे पुस्तक हातात घेऊन आता शहरातली माणसं 'वेगळी चव' शोधायला निघतील. पदार्थ उचलला जाईल, करणारी मागं राहील. हॉटेलात ठेचा-भाकरी मातीच्या ताटलीत येते, सोबत बिलही येतं. तो दोष पुस्तकाचा नव्हे. पण त्या दिवशी करणारीच्या ताटात काय पडलं, हा प्रश्न आपण सोडून दुसरं कोण विचारणार?

मूळ मुद्दा हा की 'घरात असेल ते' हे कोण ठरवतं? नशीब? नाही. ते ठरवलं जातं. गावगाड्यात शिळं, उष्टं आणि मेलेलं ढोर हेच आमच्या हाती यायचं, तो कायदाच होता. मार्च 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेल्याचं मांस सोडा, उष्टे तुकडे सोडा. लोकांनी सोडलं. हा इतिहास आपण छाती फुगवून सांगतो आणि सांगायलाच पाहिजे. पण त्या संध्याकाळी चुलीपुढं काय झालं? हंडीतून एवढं अन्न एकदम गेलं, त्या जागी काय घालायचं? ठराव पुरुषांनी सभेत हात वर करून केला. हंडी बायांनी भरली. विकतचं धान्य नव्हतं, वतनाचं जुनं येणं तुटत होतं, तरी भरली. बाबासाहेबांचा ठराव ज्यांनी रोज दोन वेळा अमलात आणला त्यांची नावं कुठल्या ठरावावर नाहीत.

पुढंही तेच. 1972 च्या दुष्काळात परदेशातून आलेली लाल मिलो आणि कामावर वाटलेली सुकडी हेच हाती होतं. आजी सांगायची, मिलोच्या भाकरीला चिरा पडायच्या, मग पीठ गरम पाण्यात उकड काढून मळायचं. सरकारनं धान्य दिलं, उकड काढायची युक्ती बायांनी. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं माणशी महिना 5 किलो धान्य ठरलं. दिवसाला 166 ग्रॅम. बारा तास उभ्यानं राबणाऱ्यानं हिशेब करून बघावा. शिवाय आम्ही ज्वारी खाणारे, आणि दुकानातून वर्षानुवर्षं आला तांदूळ-गहू. तो तांदूळ ज्वारीत मिसळून दळायचा, तर भाकरी थापताना हात वेगळा चालवावा लागतो. आणि 2015 साली राज्यात गाईबरोबर बैल-वळू कापायलाही बंदी आली. गरिबाच्या ताटातलं स्वस्त, पोटाला टिकणारं अन्न एका सहीनं गेलं. सही करणाऱ्याला विचारा, त्या जागी काय घालू? तो म्हणेल, डाळ खा. डाळीचा भाव सांगणार नाही.

शेवटी माझी चूक सांगतो.

एकदा जयंतीच्या तयारीच्या बैठकीनंतर रात्री अकराला मी पाच कार्यकर्ते घेऊन घरी गेलो. न सांगता. आयला म्हटलं, "काहीतरी कर." तिनं केलं. आम्ही जेवलो, जातीअंतावर बोललो, दोन वाजता उठलो. त्या रात्रीवर मी कविता लिहिली. आयच्या भाकरीची, चंद्राची, विद्रोहाची. सोलापुरात कविसंमेलनात वाचली. टाळ्या पडल्या. घरी येऊन आयला वाचून दाखवली.

तिनं शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाली, "भाकरी न्हवत्या रं त्या दिवशी. ज्वारीचं पीठ सरलं हुतं. हुलग्याचं शेंगोळं केलं हुतं म्या."

मी गप्प. मी खाल्लं होतं, तरी मला माहीत नव्हतं काय खाल्लं. विचारलं, "तू काय खाल्लंस मग?"

"ऱ्हायलेला रस्सा प्यालो की. पातळ केला हुता जरा."

माझ्या कवितेवर पुष्कळांनी मत दिलं आहे. इतकी नेमकी समीक्षा कुणी केली नाही. दोन वाक्यांत तिनं कवितेचं पीठ चुकलंय हे सांगितलं. 'भाकरी' हा शब्द मी तयार डब्यातून उचलला होता. आपल्या चळवळीच्या कवितेत तो भरपूर साठलाय. भाकरी, भूक, चूल, माय. वाटी बुडवली की निघतो. म्हंजे मीही पुस्तकी पाककृतीच केली होती की! ज्या यादीला मी वर शिव्या घातल्या, तसलीच यादी आपण आपली करून बसलो आहोत. घरात खरोखर काय होतं, ते बघायला मी उठून चुलीपर्यंत गेलो नव्हतो.

म्हणून या पानांवर लिहिणाऱ्या दोस्तांना माझं मागणं आहे. भूक लिहिताना पीठ कसलं ते लिहा. किती होतं, कितीजणांत वाटलं, शेवटी कोण बसलं, तिला काय उरलं, ते लिहा. माहीत नसेल तर विचारून या. जाताना कांदा चिरायला बसा, म्हंजे ती जास्त सांगते. आणि बैठकीनंतर पाचजण घेऊन घरी जायचं असेल तर आधी निरोप द्या, येताना शेरभर पीठ घेऊन या. समतेचं भाषण आपण रस्त्यावर चांगलं करतो. त्याची परीक्षा रात्री अकरा वाजता चुलीपुढं होते, आणि तिथं मी नापास झालोय.

ती कविता मी फाडली नाही. 'भाकरी' खोडून 'शेंगोळे' लिहिलं. लय बिघडली. बिघडलेलीच ठेवलीय. आता शेंगोळे वळायला शिकतोय. माझे जाड होतात, आतून कच्चे राहतात. आय म्हणते, "हात अजून बसला न्हाई."

जय भीम.