एलएम ३८६ : एका छोट्या आकृतीचे रसग्रहण

नॅशनल सेमिकंडक्टर या अमेरिकी कंपनीच्या एलएम ३८६ या आठ पायांच्या ॲम्प्लिफायर आयसीच्या डेटाशीटमध्ये एक अगदी साधी आकृती आहे. आवाज कमी-जास्त करायला १० किलोओहमचा पॉट, बाहेर जाण्याच्या वाटेवर २५० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, बाजूला १० ओहमचा रेझिस्टर आणि ०.०५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि शेवटी स्पीकर. मला ती फार आवडते, कारण स्पीकरच्या पाठीवरचे '८ ओहम' तिच्यात जागोजागी मुरलेले आहे.

२५० मायक्रोफॅरडच पाहा. आयसीचा पाचवा, म्हणजे आउटपुटचा, पाय बॅटरीच्या निम्म्या व्होल्टेजवर उभा असतो. तो डीसी स्पीकरच्या कॉईलमध्ये शिरू नये म्हणून हा कपॅसिटर आडवा घातला आहे. पण तो ८ ओहमशी मिळून एक सीमाही आखतो, सुमारे ८० हर्ट्झची. तिच्याखालचे स्वर क्षीण होत जातात. त्याच जागी ४ ओहमचा स्पीकर लावला की सीमा १६० हर्ट्झवर चढते आणि डग्ग्याचा घुमार पातळ होतो. शिवाय करंट जवळपास दुप्पट मागितला जातो, आयसी तापतो.

हे ८ ओहमही स्थिर नाहीत. मल्टिमीटर साधारण ६-७ ओहम दाखवतो, कारण तो फक्त तारेचा डीसी रोध मोजतो. ८ ओहम हा मात्र इम्पिडन्स, म्हणजे बदलत्या करंटला होणारा एकूण विरोध, आणि तो स्वरागणिक बदलतो: स्पीकरच्या अनुनादापाशी कित्येक पट वाढतो, मग उतरतो, आणि तार स्वरांत कॉईलच्या इंडक्टन्समुळे पुन्हा चढतो. बाजूची ती १० ओहम आणि ०.०५ मायक्रोफॅरडची जोडी या शेवटच्या चढासाठीच आहे. वरच्या फ्रिक्वेन्सीला ती आयसीसमोर शांत भार ठेवते, नाहीतर तो स्वतःच आंदोलने करू लागतो.

आता वॉट. एलएम ३८६ एन-३ या प्रकारापुढे लिहिले आहे ७०० मिलिवॉट. सोबत ९ व्होल्ट, ८ ओहम आणि १० टक्के विकृती. ही शेवटची अट सर्वांत मोलाची. १० टक्के विकृती कानाला स्पष्ट खरखरीत लागते, म्हणजे स्वच्छ आवाज ७०० च्या बराच आत संपतो. गणिताने ९ व्होल्टवर ८ ओहममध्ये फार तर १.२७ वॉट निघतील, तेही आयसीत काहीच व्होल्टेज खर्च झाले नाही तर. आकड्याशेजारी अट छापणारा हा कागद मला प्रामाणिक वाटतो. नुसतेच शेकड्यांनी वॉट छापणाऱ्या खोक्यावर वाचण्यासारखे काही नसते.

स्पीकरवरचे वॉट मात्र वेगळे: ते देण्याचे नव्हेत, सोसण्याचे. २० वॉटचा स्पीकर या सर्किटवर केवळ त्या आकड्यामुळे मोठा वाजणार नाही. तिथे संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्याच वॉटमध्ये तो किती मोठा वाजतो, ते पाहावे. ३ डेसिबलने जास्त संवेदनशील स्पीकर ॲम्प्लिफायरची ताकद दुप्पट केल्याइतका फरक पाडतो.

९ व्होल्टच्या या सर्किटला ८ ओहमचा, दोनेक वॉट सोसणारा, जास्तीत जास्त संवेदनशील स्पीकर जोडा.