अनामत कोणाची, जोखीम कोणाची?

मराठी समीक्षेने कथा-कादंबऱ्या वाचल्या, बखरी वाचल्या, अलीकडे जाहिरातीही वाचल्या. निविदा मात्र तिने कधी वाचली नाही. राळेगावसारख्या तालुक्याच्या गावात वर्षभर नियमाने छापला जाणारा मजकूर म्हणजे निविदा सूचना. रस्ता, नाला, शाळेची खोली, कालव्याचे अस्तरीकरण असे गावाचे सगळे भवितव्य आधी त्या रुक्ष भाषेत लिहिले जाते. गेली काही वर्षे मी हा मजकूर वाङ्मयप्रकार समजून वाचतो आहे. त्यातले सर्वांत बोलके कलम अनामतीचे आहे.

या कलमाची रचना थोडक्यात अशी. निविदा भरताना कंत्राटदार बयाणा रक्कम भरतो. काम मिळाल्यावर माघार घेतली तर ती जाते. काम मिळाले की सुरक्षा ठेव द्यावी लागते. तिचा काही भाग आधी घेतात, काही चालू देयकांतून कापतात, किंवा तिच्याऐवजी बँक हमी चालते. दर अंदाजपत्रकापेक्षा बराच खाली असेल तर अतिरिक्त ठेव लागते. केंद्र सरकारच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांत बयाण्याचे प्रमाण 2 ते 5 टक्के आणि कामगिरी सुरक्षेचे 5 ते 10 टक्के ठरवले होते. कोरोनाकाळात, नोव्हेंबर 2020 मध्ये, दुसरे प्रमाण तात्पुरते 3 टक्क्यांवर आणले गेले. राज्याचे नियम वेगळे असले तरी गाभा तोच.

हा गाभा इंग्रजांनी आणला असे समजण्याचे कारण नाही. शेताचा सौदा ठरला की आपण आजही इसार देतो आणि इसारचिठ्ठी करतो. मराठेशाहीच्या कागदांत हाजीर जामीन, माल जामीन आणि जामीनकतबा हे शब्द पावलोपावली भेटतात. पेशवाईत कमाविसदार महालाच्या वसुलापोटी सरकारात आगाऊ रसद भरत असे आणि तिच्यावर त्याला व्याजही मिळे. सरकार निश्चिंत होई. कमाविसदार मात्र रसद आणि वर आपला फायदा रयतेकडून वसूल करी. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात महाल मक्त्याने दिले जाऊ लागले, तेव्हा हे ओझे रयतेला किती जड झाले हे इतिहासाच्या वाचकांना ठाऊक आहे. अनामत वरच्याला निर्धास्त करते आणि तिचा भार खाली सरकतो, हे सूत्र तेव्हापासूनचे आहे.

आता कायदा या ठेवीकडे कसा पाहतो ते पाहू. मौला बक्ष नावाच्या कंत्राटदाराने 1947 मध्ये संयुक्त प्रांतातील लष्करी ठाण्याला बटाटे पुरवण्यासाठी 10,000 रुपये आणि कोंबड्या, अंडी, मासळी पुरवण्यासाठी 8,500 रुपये अनामत भरली होती. पुरवठा नीट झाला नाही म्हणून सरकारने करार मोडले आणि अनामत जप्त केली. 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती परत करायला लावली. बटाट्याचा बाजारभाव सिद्ध करता येतो; सरकारने आपले नुकसान दाखवले नाही, म्हणून भारतीय करार कायद्याच्या कलम 74 खाली ठेव आपोआप गिळता येणार नाही, असा त्याचा मथितार्थ.

2003 च्या ओएनजीसी विरुद्ध सॉ पाइप्स या निकालात न्यायालयाने दुसरी बाजू मांडली. रस्ता किंवा पूल वेळेत झाला नाही तर नुकसान किती हे सिद्ध करणे अवघड. अशा वेळी करारात ठरलेली वाजवी रक्कम भरपाई म्हणून धरता येते. तिथे समाजाचे आणि राज्याचे नुकसान न्यायालय एका दमात उच्चारते. समीक्षक म्हणून मी या जागी थांबतो. नुकसान सांगताना समाज आणि राज्य जोडीने येतात. रक्कम जप्त होते तेव्हा समाज वाक्यातून गळतो आणि पैसा फक्त तिजोरीत जातो.

याचा अर्थ राळेगावात बेंबळा प्रकल्पावरून समजतो. धरण बाभुळगाव तालुक्यात. कालवा कळंब, राळेगाव आणि मारेगावकडे येणारा. 2006 च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये विदर्भाच्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपये जाहीर झाले आणि त्यातला मोठा वाटा सिंचनाचा होता. ऑगस्ट 2009 मध्ये बेंबळ्याची किंमत 1,278 कोटींवरून 2,176 कोटींवर नेण्यास मंजुरी मिळाली. त्या वर्षी विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाच्या 38 प्रकल्पांची किंमत काही महिन्यांत 6,672 कोटींवरून 26,722 कोटींवर गेली आणि पुढे तेच सिंचन घोटाळ्याचे प्रकरण म्हणून गाजले.

यातल्या कोणत्या जोखमीला अनामत होती? कंत्राटदार पळाला तर होती. पण कालवा लांबतो तो बहुधा भूसंपादन, बदललेले आराखडे, सुधारित अंदाजपत्रके आणि अपुरा निधी यांमुळे. या बाजूने कोणीच ठेव ठेवलेली नसते. शेतकऱ्याने जमीन दिली ती पाण्याच्या भरवशावर. त्या भरवशाचा जामीनकतबा कोणी लिहून दिला नाही.

अनामतीचा दुसरा हेतू खऱ्या स्पर्धकांना वेगळे काढण्याचा. तोही फसू शकतो. विदर्भातील सिंचन निविदांबाबत लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने केलेल्या आरोपांत एक असा की, स्पर्धक म्हणून उभ्या केलेल्यांची बयाणा रक्कम विजेत्याच्याच खात्यातून भरली गेली. आगाऊ रकमांवरूनही बरीच टीका झाली. कंत्राटदाराला आधीच सरकारी पैसा मिळत असेल तर त्याच्या अनामतीने सरकारला नेमके किती संरक्षण मिळते, हा साधा हिशेब आहे.

कंत्राटदाराची बाजूही सांगितली पाहिजे. बँक हमीसाठी मुदतठेव अडकते, कमिशन लागते. हा खर्च दरात मिसळतो, नाहीतर कामाच्या दर्जातून वसूल होतो. मोठ्याला बँक सहज उभी राहते. छोट्यांना वाव मिळावा म्हणून महाराष्ट्रात लहान कामे मजूर सहकारी संस्था, सुशिक्षित बेरोजगार अभियंते आणि खुले कंत्राटदार यांच्यात 33:33:34 अशी वाटली जातात. त्यांचीही देयके थकतात. 2025 मध्ये थकीत देयकांसाठी कंत्राटदार राज्यभर रस्त्यावर उतरले. कामाची हमी सरकार घेते, पैशाची हमी देत नाही.

अमेरिकेत 1935 च्या मिलर कायद्याने सरकारी बांधकामांसाठी दोन हमीपत्रे सक्तीची केली. एक काम पूर्ण होण्याचे, सरकारसाठी. दुसरे मजुरांच्या आणि माल पुरवणाऱ्यांच्या पैशाचे. आपल्याकडे 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याने मजुरी बुडाली तर मूळ मालकावर जबाबदारी टाकली होती, हे खरे. पण गिट्टी पुरवणारा ट्रॅक्टरवाला, उधारीवर सिमेंट देणारा दुकानदार यांचे नाव कोणत्याही हमीपत्रात नाही.

म्हणून तीन गोष्टी मागाव्यात. कामाच्या जागेवरील फलकावर अनामतीची रक्कम, बँक हमीची मुदत आणि दोषदायित्वाचा कालावधी लिहावा. मुदत उलटलेली हमी हा लेखापरीक्षणातला जुना आक्षेप आहे. तारीख चव्हाट्यावर असली तर ती गावालाही मोजता येईल. मजूर आणि स्थानिक पुरवठादार यांच्यासाठी वेगळी हमी असावी. आणि जप्त झालेली ठेव त्याच कामावर, त्याच गावात खर्च झाली पाहिजे.

निविदेच्या भाषेत दोनच पात्रे आहेत: शासन आणि कंत्राटदार. ज्याच्या शेतातून कालवा जातो तो त्या मजकुरात फक्त गट क्रमांक म्हणून येतो. त्याचे नाव हमी घेणाऱ्यांच्या रकान्यात येईपर्यंत या वाङ्मयप्रकाराची समीक्षा तालुक्या-तालुक्यात होत राहिली पाहिजे.