जॅझचं १९५९ : पाच तबकड्या, एकच पेच

२२ एप्रिल १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’चं ध्वनिमुद्रण पुरं झालं. त्यात टेनर सॅक्सोफोन वाजवणारा जॉन कोल्ट्रेन दोन आठवडेही उलटले नसतील तोच त्याच शहरात ॲटलांटिक कंपनीसाठी ‘जायंट स्टेप्स’ वाजवत होता. बेसवर दोन्हीकडे पॉल चेंबर्सच. हे दोघे वादक तेच असले, तरी या दोन तबकड्यांचे रस्ते विरुद्ध दिशांना जातात.

‘काइंड ऑफ ब्लू’मधली पहिली रचना ‘सो व्हॉट’ बत्तीस बारची आहे. एवढ्या आवर्तनात स्वरसप्तकं फक्त दोन : आधी सोळा बार एक, मग आठ बार तेच अर्ध्या स्वराने वर चढवलेलं, आणि शेवटचे आठ बार पुन्हा पहिलं. पाश्चात्त्य संगीतात या सप्तकाला डोरियन म्हणतात. आपल्या कानांना ते काफी थाटाचं वाटेल, कारण कोमल गंधार आणि कोमल निषाद तिथेही आहेत. ‘जायंट स्टेप्स’ची गत उलटी. सोळा बारच्या आवर्तनात सव्वीस कॉर्ड, आधारस्वर तीन ठिकाणी उड्या मारणारा आणि लय अतिद्रुत. पियानोवर टॉमी फ्लॅनागनसारखा मुरलेला वादक होता, पण त्याच्या एकल वादनात अडखळणं स्पष्ट ऐकू येतं.

या वर्षाचं वर्णन बहुधा क्रांत्यांची यादी म्हणून केलं जातं. प्रत्यक्षात पेच एकच होता. चाळीसच्या दशकात चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी यांनी बीबॉप घडवला आणि उत्स्फूर्त वादनाची कसोटी ठरवून टाकली : दर दोन-चार मात्रांनी कॉर्ड बदलणार आणि वादकाने प्रत्येक बदलाला स्वरांनी उत्तर द्यायचं. पार्करच्या हातात ही किमया होती. पुढच्या पंधरा वर्षांत तिचा पाठ झाला. पाठ केलेली वाक्यं जोडत जाणारे सॅक्सोफोनवादक गल्लोगल्ली दिसू लागले. तेव्हा कॉर्डांच्या या जाळ्याचं करायचं काय?

डेव्हिसने जाळं जवळजवळ काढूनच टाकलं. बिल एव्हान्सच्या विरळ पियानोमुळे प्रत्येक वादकाला स्वरावर रेंगाळायला जागा मिळाली. कोल्ट्रेनने तेच जाळं इतकं घट्ट विणलं की त्यापुढे जायला वाटच उरली नाही.

बेसवादक चार्ल्स मिंगस मागे वळला. ‘मिंगस आ अम’ या तबकडीचं पहिलं सत्र ५ मेचं, म्हणजे कोल्ट्रेन ‘जायंट स्टेप्स’ वाजवत होता त्याच दिवसांतलं. चर्चमधली गाणी, ब्लूज, जेली रोल मॉर्टन, ड्यूक एलिंग्टन असा सगळा वारसा मिंगसने ढवळून वर आणला. ‘गुडबाय पोर्क पाय हॅट’ ही १५ मार्चला वारलेल्या सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगसाठीची विलापिका. संथ, ब्लूजच्या वळणाची ही धून ऐकताना बीबॉपची घाई किती एकांगी होती ते कळतं. ‘फेबल्स ऑफ फॉबस’चा रोख आर्कान्सॉचा गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस याच्यावर होता. १९५७ मध्ये लिटल रॉकच्या शाळेत कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश मिळू नये म्हणून त्याने नॅशनल गार्ड उभे केले होते. कोलंबिया कंपनीच्या या तबकडीवर ही रचना शब्दांविना आली. मिंगसचे बोचरे शब्द ऐकायला मिळाले ते १९६० मध्ये, कॅन्डिड या छोट्या कंपनीसाठी त्याने ती पुन्हा वाजवली तेव्हा.

पियानोवादक डेव्ह ब्रूबेकने हात घातला तो तालाला. १९५८ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या दौऱ्यावर त्याच्या चौकडीने तुर्कस्तान, भारत, श्रीलंका असा प्रवास केला होता. मुंबईत त्याने सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्यासोबत वादनही केलं. त्याच्या ‘टाइम आउट’ या तबकडीतली ‘ब्लू रोंडो आ ला तुर्क’ तुर्की रस्त्यांवर ऐकलेल्या नऊ मात्रांच्या ठेक्यावर बेतलेली आहे : दोन, दोन, दोन, तीन. ‘टेक फाइव्ह’ ही सॅक्सोफोनवादक पॉल डेझमंडची, पाच मात्रांची रचना. कोलंबियाच्या विक्री विभागाला नुसत्या स्वतःच्या रचनांची, मुखपृष्ठावर चित्र असलेली ही तबकडी धोक्याची वाटत होती. पुढे तिच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या.

झपतालात रुळलेल्या कानांना मात्र या प्रयोगातली कच्ची बाजू लगेच जाणवते. ‘ब्लू रोंडो’त एकल वादनाची वेळ आली की चौकडी नऊ मात्रा सोडून सरळ चार मात्रांच्या ब्लूजवर उतरते. ‘टेक फाइव्ह’मध्ये जो मोरेलोच्या ड्रमखाली पियानो तोच तुकडा शेवटपर्यंत घोळवत राहतो, म्हणजे ताल निसटू नये म्हणून कुणीतरी बोट धरून ठेवलेलं आहे. धून अप्रतिम आहे, पण तिथे ताल खेळवण्यापेक्षा तो सांभाळण्याकडेच अधिक लक्ष आहे.

सर्वांत टोकाचं उत्तर ऑर्नेट कोलमनचं. ‘द शेप ऑफ जॅझ टु कम’ २२ मे रोजी हॉलिवूडमध्ये मुद्रित झाली. कोलमनने पियानोच वगळला, त्यामुळे कॉर्ड लादणारं कुणी उरलं नाही. त्याचा प्लास्टिकचा आल्टो, डॉन चेरीचा कॉर्नेट, चार्ली हेडनचा बेस आणि बिली हिगिन्सचे ड्रम. ‘लोनली वुमन’मध्ये ड्रम धावतात आणि वरची धून आपल्याच वेळेने आर्त होत जाते. १७ नोव्हेंबरपासून ही चौकडी न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉट क्लबमध्ये वाजवू लागली. संगीतकार लिओनार्ड बर्नस्टाइन भारावला, ट्रम्पेटवादक रॉय एल्ड्रिजला ही निव्वळ बनवाबनवी वाटली. दोन आठवड्यांचा करार अडीच महिने चालला.

अशी ही पाच नावं. पण त्यांचा हा संच नंतरच्या आठवणींनी जुळवला आहे, आणि त्यात बाजाराचाही हात आहे. पाचपैकी तीन तबकड्या कोलंबियाच्या, तिन्ही थर्टिएथ स्ट्रीटवरच्या एका जुन्या चर्चमध्ये थाटलेल्या स्टुडिओतल्या. त्या उंच छताखालचा घुमारा म्हणजेच १९५९चा आवाज, असं आपण आज समजतो ते उगाच नाही. त्या वर्षी क्लबांमध्ये पाय ठेका धरत होते ते मात्र वेगळ्या संगीतावर : आर्ट ब्लेकीचं ‘मोनिन’, होरेस सिल्व्हरच्या रचना, आणि ‘काइंड ऑफ ब्लू’वर वाजवलेल्या कॅननबॉल ॲडर्लीने ऑक्टोबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत प्रेक्षकांसमोर मुद्रित केलेली तबकडी. चर्चच्या सुरांत न्हालेल्या या वादकांना कॉर्डांचा पेच फारसा छळत नव्हता. म्हणून समीक्षेच्या गोष्टीत त्यांच्या वाट्याला तळटीप आली.

सुवर्णवर्षाच्या या गोष्टीत आणखी एक बाजू झाकली जाते. मेमध्ये जुन्या पिढीचा वादक सिडनी बेशे गेला. १७ जुलैला गायिका बिली हॉलिडे गेली, तीही रुग्णालयात पोलिसांच्या पहाऱ्यात. न्यूयॉर्कच्या क्लबांत गायला लागणारं पोलिसांचं कॅबरे कार्ड तिला १९४७ पासून नाकारलेलं होतं. ‘काइंड ऑफ ब्लू’ १७ ऑगस्टला बाजारात आली. त्यानंतर आठ दिवसांनी बर्डलँड क्लबबाहेर, दारावर स्वतःचं नाव झळकत असताना, डेव्हिसला पोलिसांनी डोकं फुटेपर्यंत मारलं आणि वर अटकही केली. पुढे तो निर्दोष सुटला.

पाच उत्तरांपैकी टिकलं कोणतं? पाच मात्रांची नवलाई बव्हंशी ब्रूबेकपाशीच राहिली. मिंगसचं संगीत उभं राहायला त्याच्यासारखाच दांडगा म्होरक्या लागायचा, त्यामुळे घराणं निघालं नाही. कोलमनने डिसेंबर १९६० मध्ये दोन चौकड्या एकत्र बसवून ‘फ्री जॅझ’ मुद्रित केली. तिथून साठच्या दशकातला एक मोठा, वादग्रस्त प्रवाह सुरू झाला. ‘जायंट स्टेप्स’ आजही संगीतशाळांत विद्यार्थ्यांचा घाम काढते. कोल्ट्रेन स्वतः मात्र त्या वाटेवर थांबला नाही. १९६० मध्ये डेव्हिसची साथ सोडल्यावर त्याने ऑक्टोबरमध्ये ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ वाजवलं. त्यातले लांबलचक एकल भाग दोनच कॉर्डांवर तोललेले आहेत. सव्वीस कॉर्डांची चढण चढलेला हा वादक अखेर ‘सो व्हॉट’च्याच मोकळ्या मैदानात उतरला आणि पुढची काही वर्षं त्याने तिथेच गाजवली.