मतदार आणि कायदेकर्ता : साऊथबरो निवेदनाचे मराठवाड्यातून वाचन

दलित साहित्याच्या समीक्षेने आजवर कविता वाचली, आत्मकथने वाचली, बाबासाहेबांच्या भाषणांतील उतारे जागोजाग वापरले. परंतु ज्या लेखनातून अस्पृश्य माणूस आधुनिक राज्यसंस्थेशी प्रथमच बरोबरीच्या भाषेत बोलला, ते लेखन आपण राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांकडे सोपवून मोकळे झालो. २७ जानेवारी १९१९ रोजी डॉ. आंबेडकरांनी साऊथबरो मताधिकार समितीपुढे मांडलेले निवेदन हे असेच उपेक्षित राहिलेले लेखन आहे. महाराष्ट्र शासनाने १९७९ साली काढलेल्या त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या पहिल्या खंडात ते आहे. त्याच खंडातील 'जातिनिर्मूलन' आपल्या कार्यकर्त्यांना जवळजवळ पाठ असते. हे निवेदन मात्र बहुधा न चाळताच राहते. कारण उघड आहे. त्यात आग दिसत नाही. आकडे, मतदारसंघ, प्रतिनिधित्वाचे प्रकार दिसतात. आग कुठे शोधावयाची हे ठरवून टाकलेल्या समीक्षेची ही मर्यादा आहे, निवेदनाची नव्हे.

त्याआधीच्या अस्पृश्यांच्या लेखी मागण्या आठवाव्यात. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी महारांच्या वतीने विलायतेतील भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठविला. लष्करात आणि सरकारी नोकरीत घ्या, अशी त्याची मागणी. पूर्वजांनी कंपनी सरकारसाठी सांडलेले रक्त हा तिचा आधार. त्या पिढीला कमी लेखण्याचे कारण नाही. दारे सर्व बाजूंनी बंद असताना जे एक दार किलकिले होते तेच त्यांनी ठोठावले. पण तो अर्ज होता, आणि अर्जाला मायबाप लागतो. नऊच वर्षांनंतरच्या निवेदनात मायबाप नाही. सत्तावीस वर्षांचा, सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकविणारा एक तरुण समितीला प्रथम समाज म्हणजे काय हे समजावून सांगतो, मगच तुमच्या योजनेत काय चुकले ते दाखवितो. पुरावे तो देतो आणि निकालही तोच लिहितो.

निवेदनाचा गाभा थोडक्यात असा. हिंदुस्थानातील समाज बंदिस्त गटांत विभागलेला आहे. गटागटांत दळणवळण नाही, म्हणून समान अनुभव नाही. अशा समाजात निव्वळ प्रादेशिक मतदारसंघ आखले तर मोठा गट आपलीच माणसे निवडणार. तेव्हा केवळ मतांचे प्रतिनिधित्व पुरेसे नाही, माणसांचेही हवे. आणि येथे बाबासाहेब जी रेघ ओढतात ती आजही पुसलेली नाही. एखादा समाज नुसता मतदार राहिला आणि दुसरा कायदा करू लागला, तर दुसरा पहिल्याचा धनी होतो. अस्पृश्यांच्या जागा नियुक्तीने किंवा निवडून आलेल्यांच्या मर्जीने भराव्यात, ही सूचना त्यांनी या भूमिकेवरूनच धुडकावली.

आता हे निवेदन मुंबईच्या चष्म्याने न वाचता जालन्याच्या मातीवर उभे राहून वाचावे. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात, औरंगाबाद जिल्ह्यात होते (स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी). १९१९ च्या सुधारणा येथे लागू नव्हत्या. शेजारचे देऊळगाव राजा मात्र वऱ्हाडात. वऱ्हाड हेही कायद्याने निजामाचेच! १९०२ साली इंग्रजांनी ते वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या भाडेपट्ट्याने घेतलेले. तेथे १९२० पासून मध्यप्रांताच्या विधिमंडळासाठी मतदान होऊ लागले. वऱ्हाड तांत्रिक अर्थाने ब्रिटिश मुलूख नसल्यामुळे तेथे निवडून आलेल्यांना कागदोपत्री 'नियुक्त' करून घेण्याची कसरत करावी लागे, पण निवडणूक होत होती. म्हणजे धनी एकच, भाषा एकच, अलीकडे-पलीकडे सोयरीक. आणि शिवेच्या एका अंगाला मत, दुसऱ्या अंगाला नाही. 'जालना सोने का पालना' ही म्हण ज्यांनी जन्माला घातली, त्यांनी त्या पाळण्यात कोण निजले होते हेही सांगावयास हवे होते.

निजामाच्या राज्यात विधिमंडळ अजिबात नव्हते असे नाही. १८९३ सालीच एक कायदे कौन्सिल स्थापन झाले. पुढे त्यात बिनसरकारी म्हणून जे मोजके सभासद निवडून घेतले जात, ते जहागीरदारांचे आणि वकिलांचे. १९३७ साली अरवमुदू अय्यंगार समिती नेमली गेली आणि जुलै १९३९ मध्ये नव्या सुधारणा जाहीर झाल्या. त्यांचे वैशिष्ट्य असे की प्रतिनिधित्व प्रदेशाला नाही, 'हितसंबंधांना': जमीनदार, शेतकरी, व्यापार, उद्योग, कामगार, वकिली, वैद्यकी, पदवीधर असे रकाने. महायुद्धामुळे ही योजना रखडली. १९४६ साली निवडणुका झाल्या, त्यांवर स्टेट काँग्रेसने बहिष्कार घातला.

चलाख वाचक येथे अडवील. प्रादेशिक मतदारसंघ नको, गटांना प्रतिनिधित्व द्या, हेच तर आंबेडकर १९१९ साली म्हणत होते. मग निजामाने वेगळे काय केले? हा प्रश्न टाळू नये. दोन्हींत गट हा शब्द आहे, पण त्याची कामे उलट आहेत. बाबासाहेबांना गट मान्य करावयाचा आहे तो त्याच्या भिंती पाडण्यासाठी. वेगवेगळ्या गटांची माणसे विधिमंडळात एकत्र बसली, बोलली, भांडली म्हणजे त्यांच्यात संपर्क येईल, जुन्या वृत्ती सैल होतील, असा त्यांचा युक्तिवाद आहे. मताधिकाराकडे ते लोकशिक्षण म्हणून पाहतात. हितसंबंधांच्या योजनेत मात्र माणूस आपल्या रकान्यातून बाहेर पडत नाही. आणि ज्याला रकानाच नाही त्याचे काय? गावकुसाबाहेरच्या महार-मांगाच्या नावावर पट्टा नाही, दुकान नाही, पदवी नाही. तो राबतो, पण त्या राबण्याला मजुरी म्हणत नाहीत. बलुते म्हणतात, वेठ म्हणतात. त्याचा हितसंबंध कोणत्या वहीत नोंदवावयाचा? उरते ती नियुक्ती, म्हणजे राजाची मर्जी. बाबासाहेबांनी १९१९ सालीच जिला नकार दिला होता तीच.

मात्र ब्रिटिश मुलखातील माणसाला तरी सरळ मत मिळाले, असा समज करून घेऊ नये. १९१९ नंतर मुंबई इलाख्यातील खेड्यात साधारणतः ३२ रुपये शेतसाऱ्याची जमीन असेल त्यालाच मत होते. किती महारवाडे त्या चाळणीतून गळून खाली पडले असतील हे सांगावयास नको. खुद्द बाबासाहेबांना १९२७ पासून दहा वर्षे मुंबई कौन्सिलात नियुक्त सभासद म्हणूनच बसावे लागले. १९२८ साली त्यांनी महार वतनाचे बिल आणले; पाठीशी मते नव्हती, १९२९ साली ते मागे घ्यावे लागले. कायदेकर्त्याच्या बाकावर बसूनही कायदा करता येत नाही, हा अनुभव त्यांनी स्वतः घेतला. त्याच १९२८ साली बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनला दिलेल्या निवेदनात ते सरसकट प्रौढ मताधिकार मागतात आणि १४० पैकी २२ जागा मागतात. १९१९ च्या निवेदनात मताधिकाराची अट खाली आणा एवढीच मागणी होती; मालमत्तेची अट समूळ उखडा, असे तेथे म्हटलेले नाही. ही त्या पहिल्या निवेदनाची उणीव आहे आणि ती उणीव म्हणून नोंदविली पाहिजे. भक्तिभावाने वाचले तर विचाराची वाढ दिसत नाही.

१९३५ च्या कायद्यात तर एक विलक्षण गोष्ट सापडते. मुंबई इलाख्यात अस्पृश्यांसाठी मतदाराची अट सैल करताना गावची कनिष्ठ नोकरी बजावणे ही एक पात्रता धरली गेली. म्हणजे येसकरकी करतो म्हणून मत! ज्या वतनाला बाबासाहेब गुलामगिरी म्हणत होते, जे तोडण्यासाठी त्यांनी बिल आणले होते, तेच वतन मतपेटीकडे जाणाऱ्या वाटेवरचा दाखला ठरले. आपल्या कथाकारांना विषय सापडत नाहीत, अशी तक्रार मधून मधून ऐकू येते. येथे एक पडून आहे.

संस्थानी प्रजेचा प्रश्न १९१९ च्या निवेदनात नाही, पण पुढे तो बाबासाहेबांच्या लेखनात ठळकपणे येतो. १९३५ च्या कायद्यातील संघराज्यात खालच्या सभागृहाच्या ३७५ जागांपैकी १२५ संस्थानांच्या. त्यांत हैदराबादच्या १६. त्या भरावयाच्या संस्थानिकाने. १९३१ च्या शिरगणतीनुसार सुमारे १ कोटी ४४ लाख लोकांच्या वतीने एकटा निजाम १६ माणसे धाडणार! ३० डिसेंबर १९३८ रोजी कन्नड तालुक्यातील मक्रणपूर येथे भाऊसाहेब मोरे यांच्या पुढाकाराने भरलेल्या परिषदेत बाबासाहेब मराठवाड्यातील दलितांशी बोलले. २९ जानेवारी १९३९ रोजी पुण्याच्या गोखले संस्थेत त्यांनी संघराज्यावर जे भाषण केले, त्यात राजांच्या नियुक्त सभासदांवर घणाघाती टीका आहे. मक्रणपूर आणि पुणे यांत अंतर एका महिन्याचे आहे. ते भाषण वाचताना मक्रणपूरचा जनसमुदाय नजरेआड करता येत नाही. संघराज्य प्रत्यक्षात आलेच नाही, ती गोष्ट वेगळी.

जालन्याच्या दलिताला मत मिळाले ते हैदराबादच्या विलीनीकरणानंतर, १९५२ च्या निवडणुकीत. शेतसारा नाही, साक्षरता नाही, येसकरकी नाही. काल काहीच नव्हते आणि आज पुरते मत. साऊथबरो निवेदनातील निम्मी मागणी अशी एका दिवसात पुरी झाली. राहिली दुसरी निम्मी. २७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्राच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव मंजूर केला. ठराव झाला सभागृहात आणि घरे जळाली मराठवाड्याच्या दलित वस्त्यांत. नामविस्तार व्हावयास १४ जानेवारी १९९४ उजाडले. मते होती, सभासद होते, ठरावही होता.

आज जालना जिल्ह्यातील पाच विधानसभा मतदारसंघांपैकी बदनापूर अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. पुणे करारात राखीव जागेसाठी अस्पृश्य मतदारांनीच आधी चार उमेदवारांची प्राथमिक निवड करावयाची तरतूद होती, दहा वर्षांच्या मुदतीची. ती मुदत केव्हाच सरली. आता ती निवड पक्षाच्या तिकीटवाटपाच्या बैठकीत होते, आणि त्या बैठकीत बसणारे बदनापूरच्या दलित मतदारांनी निवडलेले नसतात.