मुंबईच्या बोळांचीं प्लेगकालीन छायाचित्रें : एक परीक्षण

इ. स. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला. पुढील मार्चांत जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखालीं प्लेग-समिति नेमली गेली. तिच्या कामाचा जो छायाचित्रसंग्रह कॅप्टन मॉस यांच्या नांवें ओळखला जातो, तो आमचे संग्राहक वाचक अस्सल साधन म्हणून जपतात. साधन अस्सल आहे खरें. पण साक्षी तटस्थ नाहीं.

त्याचा गुण आधीं सांगूं. जॉन्सन यांच्या १८६३-६६ च्या ग्रंथांत मुंबईच्या जातिजमाती आल्या, पण माणसांमागचा देखावा पुष्कळदां दुसरीकडून आणून चिकटविलेला. म्हणजे मूळ पाठांत प्रक्षेप! येथें तसें नाहीं. भिंत त्याच घराची आहे, चुना त्याच भिंतीला लागत आहे. एरव्हीं ज्या बोळांकडे कोणी कॅमेरा वळविला नसता, ते रोगामुळें चित्रांत आले.

परंतु ‘बंबानें घर धुणें’ या चित्रापुढें थोडें थांबावें. मथळ्यांत क्रिया आहे, कर्ता सरकार आहे. ज्याचें घर धुतलें जात आहे त्याचा उल्लेखच नाहीं. पुष्पिका फाटलेल्या पोथीची ही अवस्था. उलट, थॉमस ॲनन यांनीं १८६८ पासून ग्लासगोचे पाडावयाचे बोळ टिपले, तेही तेथील सुधारणा-मंडळासाठींच. तथापि ‘हाय स्ट्रीट, क्र. ११८’ असा ठिकाणा चित्राखालीं आहे. त्यांत हललेलीं माणसें धुरासारखीं पुसट झालीं, पण बोळ हरवला नाहीं. मुंबईंत माणसें स्पष्ट उमटलीं आणि हरवलीं. १८९८ त स्थापन झालेल्या सुधारणा-ट्रस्टनें पुढें दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले. तेव्हां या चित्रांतील कोणती भिंत कोठें होती हें ठरविणें आतां केवळ तर्काचें काम नव्हे, नगर-भूमापनाचे नकाशे जुळविण्याचें आहे. या चित्रांत कोणी केवळ जुलूम पाहतात, कोणी केवळ आरोग्यकार्य. आमच्या मतें दोघेही मथळाच वाचतात, चित्र नव्हे.

हा प्रश्न मुंबईपुरता नाहीं. आमच्या कळवणांतही बाजारपेठेमागील बोळांचीं चित्रें आतां कोणीही हातांतील फोननें घेऊं शकतो. त्यानें बोळाचें लोकांच्या तोंडचें नांव, दिशा, तिथि आणि घरधन्याची संमति असल्यास त्याचें नांव, एवढें चित्रासोबत लिहून ठेवावें. ज्यांच्या संग्रहीं प्लेगकालीन सुटीं चित्रें असतील, त्यांनीं चौकटींतून काढून पाठीवरचा मजकूर, मोडींत असला तरी, जसाच्या तसा उतरून मंडळाकडे धाडावा.